मालक नसलेली रंगभूमी

१८९४ साली पुण्यात काही तरुणांनी ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ नावाची हौशी नाट्यसंस्था काढली. संगीत नाटकाच्या ऐन बहराचा तो काळ. किर्लोस्कर नाटक मंडळीत भाऊराव कोल्हटकर गात होते आणि त्यांचं गाणं ऐकायला माणसं लांबलांबून येत होती. अशा वेळी पैसे न घेता, फावल्या वेळात नाटकं करू म्हणणाऱ्या पोरांच्या क्लबाला किती आयुष्य असेल, असं कुणी विचारलं असतं तर जाणत्या माणसानंही दोन-चार वर्षं म्हटलं असतं. किर्लोस्कर मंडळी आज इतिहासाच्या पुस्तकात आहे. तो क्लब मात्र नाव बदलून ‘भरत नाट्य संशोधन मंदिर’ झाला आणि सदाशिव पेठेत स्वतःच्या नाट्यगृहासह उभा आहे. आजही तिथं संध्याकाळी तिसरी घंटा होते आणि पडदा सरकतो.

ही गोष्ट मला पहिल्यांदा नीट उमगली तेव्हापासून मराठी रंगभूमीकडे बघण्याची माझी दिशाच बदलली. आपण नाटकाचा इतिहास नटांच्या आणि नाटककारांच्या नावांनी सांगतो, आणि त्यात काही गैर नाही. पण ती नटमंडळी ज्या फळ्यांवर उभी राहिली, त्या फळ्या कुणी टाकल्या, भाडं कुणी भरलं, परवानगीचे कागद कुणी केले, असं विचारत गेलं की आतून दुसराच इतिहास निघतो. त्यात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, शिक्षिका आहेत, कचेरीतून सुटल्यावर थेट तालमीच्या जागी जाणारे नोकरदार आहेत. या कामाचा त्यांना पगार नव्हता. संस्थेत त्यांचा नफ्याचा वाटा नव्हता, कारण संस्थेला मालकच नव्हता.

आणि मालक नव्हता म्हणूनच ती टिकली, असं मला दिवसेंदिवस अधिक वाटू लागलं आहे.

जुन्या नाटक कंपन्यांचं काय झालं ते बघा. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी सुरू केली. तिच्या वैभवाच्या कथा आपण आजी-आजोबांकडून ऐकल्या: खरे शालू, अत्तर, रात्र रात्र चालणारे ‘वन्स मोअर’. पण भागीदार निघून गेले, कर्जाचा डोंगर वाढला आणि तो सगळा भार एका माणसाच्या गळ्यावर आला. ज्या गळ्यासाठी लोक येत, त्याच गळ्यानं कर्ज फेडायचं. तीसच्या दशकाच्या मध्याला बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात दिसले. कंपनीचा सुवर्णकाळ तेव्हा मागे पडला होता. अशा मंडळ्यांत कंपनी आणि तिचा मुख्य नट यांचं नशीब एकच असे. आवाज बसला, तब्येत ढासळली, भागीदारांत बिनसलं की बिऱ्हाड मोडे. ललितकलादर्शसारखे अपवाद आहेत. केशवराव भोसल्यांनंतर बापूराव पेंढारकरांनी आणि मग भालचंद्र पेंढारकरांनी ती जिद्दीनं चालवली. पण अपवादच ते.

मग नुसती हौस पुरते का? तर तेही नाही. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. केशवराव दाते, के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर, अनंत काणेकर, ज्योत्स्ना भोळे अशी एकाहून एक शिकली-सवरली, जाणकार माणसं. बायकांच्या भूमिका बायकांनीच करायच्या, नेपथ्य खोलीसारखं खरं दिसेल असं उभारायचं, बोलणं साधं ठेवायचं, असा त्यांचा आग्रह. मराठी नाटकाला या मंडळींनी नवं वळण दिलं. आणि दोन-तीन वर्षांतच संस्था विस्कटली. कल्पना होती, गुण होते, प्रेक्षकही काही प्रमाणात होता. रोजच्या व्यवहाराचं ओझं वर्षानुवर्षं उचलणारी फळी तेवढी उभी राहिली नाही.

ती फळी गिरगावात उभी राहिली. १९३५ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला आणि त्याच्या कामात डॉ. अमृत नारायण भालेराव यांनी स्वतःला झोकून दिलं. पेशानं डॉक्टर. बोलपटानं तेव्हा थिएटरं गिळायला सुरुवात केली होती. नाटक कंपन्या एकामागून एक बंद पडत होत्या आणि मराठी नाटक संपलं, असं चारचौघांत सहज म्हटलं जात होतं. १९४३ मध्ये मराठी रंगभूमीला शंभर वर्षं झाली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथून ही शंभरी मोजतात. सांगलीत सावरकरांच्या अध्यक्षतेखाली उत्सव झाला. पाठोपाठ १९४४ मध्ये भालेराव आणि संघाच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत, चौपाटीच्या परिसरात मोठा नाट्यमहोत्सव भरवला. जुने-नवे नट एका मंडपाखाली आले, माणसांची रीघ लागली, आणि जे संपलं म्हणत होते ते अजून जिवंत आहे याची शहराला खात्री पटली.

पण भालेरावांचं खरं मोठेपण महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं, असं मी मानतो. मांडव उतरवला, हिशेब झाला आणि मंडळींनी ठरवलं की हे दर वर्षी करायचं. केळेवाडीतल्या उघड्या रंगमंचावर संघाचे नाट्योत्सव होत राहिले. दुर्गा खोटे, नानासाहेब फाटक, केशवराव दाते अशी मोठी मंडळी संघाच्या नाटकांत उभी राहिली. १९५४ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवात संघाचं ‘भाऊबंदकी’ गाजलं. पुढे १९६४ मध्ये चर्नी रोड स्टेशनापासून चार पावलांवर संघाचं स्वतःचं नाट्यगृह उभं राहिलं. त्याला भालेरावांचंच नाव आहे. दवाखाना चालवणाऱ्या एका माणसाच्या नावानं आज ते नाट्यगृह ओळखलं जातं, यात मला फार मोठा न्याय दिसतो.

आता जरा आत शिरू. अशी संस्था चालते कशी? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चार मित्र जमले, नाटक बसवलं, झालं. प्रत्यक्षात संस्था नोंदवावी लागते. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, या दोन जुन्या कायद्यांच्या चौकटीत आपल्या बहुतेक नाट्यसंस्था बसतात. घटना लिहावी लागते: सभासद कोण, वर्गणी किती, कार्यकारिणी किती जणांची, मुदत किती वर्षांची, वार्षिक सर्वसाधारण सभा कधी. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यायचा. लेखापरीक्षण करून घ्यायचं. हे सगळं अत्यंत रुक्ष वाटतं, आणि तरी मला यातच जादू दिसते. शिल्लक पैसा कुणाच्याही घरी जाऊ शकत नाही. त्यामुळे एखादं नाटक तुफान चाललं तर ते पैसे पुढच्या, कदाचित न चालणाऱ्या नाटकात जातात, किंवा साठत साठत नाट्यगृहाच्या पायात जातात. खजिनदार बदलतो, वही तीच राहते. गंधर्व मंडळीला जे साधलं नाही ते या कागदांनी साधलं: माणूस गेला तरी संस्थेचं देणं-घेणं तिथंच राहिलं.

मग नाटकाचं काम. नाटककाराकडून प्रयोगाची परवानगी आणि त्याचं मानधन. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची आणि त्यांचं प्रमाणपत्र येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. तालमीला जागा शोधायची, तीही संध्याकाळी सातनंतर मिळणारी. कुणाच्या गच्चीवर, शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात. नाट्यगृहाची तारीख मिळवणं हा तर स्वतंत्र शास्त्राचा विषय आहे. शनिवार-रविवार कुणाला, सकाळ कुणाला, दुपार कुणाला. तारीख मिळाली की तिकिटांचा प्लॅन लावायचा, जाहिरात द्यायची. नेपथ्याचा टेम्पो कुठल्या वेळेला शहरात येऊ देतात ते बघायचं. कलाकारांची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, पाकिटात घालून प्रयोगाआधी तयार ठेवायची, भले स्वतः या माणसाला एक रुपया मिळत नसेल. आणि प्रयोगाच्या रात्री, आत टाळ्या पडत असताना, हा माणूस बाहेर बुकिंगच्या खिडकीपाशी उरलेली तिकिटं मोजत असतो. आपल्याच संस्थेचं नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग बसून बघायला मिळालं नाही, असे कितीतरी कार्यकर्ते असतील.

या कामाची सगळ्यात थक्क करणारी उंची गाठली ती मला वाटतं दि गोवा हिंदू असोसिएशननं. १९१९ मध्ये मुंबईतल्या गोमंतकीय मंडळींनी स्थापन केलेली ही संस्था. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, आणि शिक्षणासाठी, पोटासाठी मुंबईत आलेल्या गोंयकारांना एकमेकांचा आधार हवा होता. अशा संस्थेनं कला विभाग काढला यात नवल नाही. गोव्यात देवळाच्या उत्सवाला नाटक नसेल तर उत्सव पुरा झाल्यासारखा वाटत नाही. वाड्यावाड्यांतली माणसं वर्गणी काढून, आपापसांत भूमिका वाटून देवळासमोर नाटक उभं करतात. ती सवय घेऊनच ही मंडळी बोटीनं आणि गाडीनं मुंबईला आली होती.

नवल पुढचं आहे. या कला विभागानं रंगमंचावर आणलेल्या नाटकांची नावं नुसती एका ओळीत मांडून बघा. १९६२ मध्ये वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ज्यातल्या संभाजीनं काशिनाथ घाणेकरांना घराघरांत नेलं. १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’, ज्यात जितेंद्र अभिषेकी संगीतकार म्हणून पुढे आले आणि नाट्यसंगीताला पुन्हा पालवी फुटली. १९७० मध्ये वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’. मग जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’, आणि १९७७ मध्ये विजया मेहतांनी बसवलेलं दळवींचंच ‘बॅरिस्टर’. ऐतिहासिक, संगीत, शोकांत, मनाच्या तळाशी उतरणारं, असे सगळे प्रकार एका संस्थेच्या नावावर. मराठी माणसाला आठवणारी पहिली दहा नाटकं काढली तर त्यात यातली दोन-तीन नक्की असतील. आणि यामागची माणसं नोकरी-व्यवसाय सांभाळून संध्याकाळी संस्थेत येणारे कार्यकर्ते होते. कलाकारांना मानधन मिळे, व्यावसायिक शिस्त होती, प्रयोगांचा दर्जा कुठल्याही कंपनीला लाजवील असा होता. फक्त नफा कुणाचा नव्हता.

याचा नाटकाच्या निवडीवर काय परिणाम होतो, ते ‘नटसम्राट’कडे बघून समजतं. थकलेला म्हातारा नट, लांबलचक स्वगतं, शेवट दुःखाचा. धंद्याच्या हिशेबानं पाहणारा माणूस दहादा विचार करील. कार्यकर्त्यांच्या बैठकीत प्रश्न वेगळा असतो: हे व्हायला हवं का? हवं असेल तर मागच्या चाललेल्या नाटकाची शिल्लक इथं लावू. २३ डिसेंबर १९७० ला पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर आणि गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. हे लागू कुठून आले? तेही कान-नाक-घशाचे सर्जन, आणि पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन (पीडीए) या हौशी संस्थेत घडलेले. म्हणजे आपल्या रंगभूमीवरची ही सर्वांत मोठ्या ताकदीची भूमिका हौशी संस्थेत वाढलेल्या नटानं, स्वयंसेवकांनी चालवलेल्या संस्थेत केली.

या कला विभागाचे प्राण म्हणावे असे कार्यकर्ते म्हणजे रामकृष्ण नायक. नाटकाच्या धामधुमीतून बाजूला झाल्यावर हा माणूस विसावला नाही. फोंड्याजवळ बांदोड्याला संस्थेनं ‘स्नेहमंदिर’ हा वृद्धाश्रम उभारला आणि नायकांनी पुढची वर्षं तिथल्या कामाला वाहिली. ‘नटसम्राट’ आणि ‘संध्याछाया’ ही दोन्ही म्हातारपणाची नाटकं. ती वर्षानुवर्षं विंगेतून पाहिलेला माणूस शेवटी म्हाताऱ्यांसाठी घर चालवायला जातो, यावर मला काही भाष्य करावंसं वाटत नाही. नुसतं सांगावंसं वाटतं.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगायला मराठी रंगभूमीनं दुसऱ्या कुणाची वाट पाहिली नाही. १९६७ मध्ये रंगायन या संस्थेनं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केलं, तेही राज्य नाट्य स्पर्धेसाठी. त्यातली पात्रं आठवा. एक हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला आली आहे. अध्यक्ष काशीकर समाजकार्याच्या तोऱ्यात, वकील सुखात्मे, शास्त्राच्या बढाया मारणारा पोंक्षे, धन्याच्या शब्दाबाहेर नसलेला रोकडे. खेळ म्हणून सुरू झालेला खटला त्याच मंडळीतल्या मिस बेणारेच्या मानेवर सुरी होऊन बसतो. चांगल्या हेतूनं जमलेली, पदांची हौस असलेली माणसं एकत्र आली की काय करू शकतात, हे तेंडुलकरांनी अशाच एका संस्थेच्या पोटात शिरून दाखवलं. आणि ते सादर करणारेही, राज्य स्पर्धेत उतरलेली एक प्रायोगिक संस्थाच. स्वतःकडे इतक्या कठोरपणे बघू शकणारी हौशी चळवळ जगात फार ठिकाणी नसेल.

भांडणंही होतात, आणि ती खरी असतात. पीडीए ही संस्था १९५१ मध्ये प्रा. भालबा केळकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात सुरू केली. लागूंसारखे नट तिच्यात घडले. तिनंच १६ डिसेंबर १९७२ ला ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग भरत नाट्य मंदिरात केला. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं, आणि माणसांचाच पडदा करून उभी राहणारी ब्राह्मणांची ती रांग. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठलं आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी नाटक थांबवलं. संस्थेच्या घटनेनं तो अधिकार त्यांना दिला होता. त्यांना ते नाटक पटलं नव्हतं आणि त्यांनी ते उघडपणे सांगितलं.

मग तरुण मंडळींनी काय केलं? त्यांनी मार्च १९७३ मध्ये नवी संस्था काढली, थिएटर अकादमी. पुन्हा घटना, पुन्हा कार्यकारिणी, पुन्हा पावतीपुस्तक. बालरोगतज्ज्ञ जब्बार पटेल, जीवरसायनशास्त्राचे सतीश आळेकर, मनोविकारतज्ज्ञ मोहन आगाशे, आणि श्रीधर राजगुरूंसारखे संघटक. १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं, १९८० मध्ये युरोपात गेलं आणि पुढे १९९२ पर्यंत चाललं. कंपनीच्या जमान्यात असं भांडण झालं असतं तर एक बिऱ्हाड मोडलं असतं. इथं जुनी संस्था राहिली आणि शेजारी नवी उगवली. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकून नवं खोड धरतात, तसंच हे.

थिएटर अकादमीनं पुढे केलेलं एक काम मला ‘घाशीराम’इतकंच महत्त्वाचं वाटतं, पण त्याची चर्चा फार कमी होते. आळेकरांनी नव्या नाटककारांसाठी आणि पुण्या-मुंबईबाहेरच्या नाट्यसंस्थांसाठी दोन योजना आखल्या, आणि १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्यानं त्या राबवल्या. मुंबई-पुण्याचं नाटक गावोगावी नेणं सोपं होतं. इथं उलट विचार होता. लहान शहरातल्या संस्थेनं स्वतःच्या पायावर उभं राहावं, तिथल्या लेखकानं तिथलं लिहावं. एका संस्थेनं दुसऱ्या संस्थांना चालायला शिकवायचं, म्हणजे आपलेच प्रतिस्पर्धी तयार करायचे. हे फक्त तीच माणसं करतात ज्यांना नाटक आपल्या दुकानापेक्षा मोठं वाटतं.

मुंबईत तसंच काम आविष्कारनं केलं. १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, तेंडुलकर, अरुण काकडे या मंडळींनी ती सुरू केली. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. १९७४ पासून त्या शाळेचं सभागृह नव्या नाटकाचं घर झालं. बाकं, पंखे, गाड्यांचे आवाज, आणि समोर हातभर अंतरावर नट. आविष्कारनं ती जागा स्वतःपुरती ठेवली नाही. अमोल पालेकरांची ‘अनिकेत’, सत्यदेव दुबेंची ‘थिएटर युनिट’ अशा अनेकांनी तिथं प्रयोग केले. जागा स्वस्त होती म्हणून चुकायला वाव होता, आणि चुकायला वाव होता म्हणूनच इतकं नवं काही जन्माला आलं.

या सगळ्याचा हिशेब ठेवणारे, तारखा लावणारे, पोरांना तालमीनंतर जेवलात का म्हणून विचारणारे म्हणजे काकडेकाका. १९८७ मध्ये अरविंद देशपांडे गेले, शाळेची जागा सुटली, आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली. या प्रत्येक वळणावर संस्था संपू शकली असती. काकडे २०१९ मध्ये गेले तोवर जवळजवळ पाच दशकं ते ती धरून होते. अरविंद देशपांड्यांच्या नावाचा महोत्सव त्यांनी दर वर्षी भरवला. त्यांच्या हाताखालून गेलेले नट, दिग्दर्शक, लेखक आज चित्रपटांत, मालिकांत, नाटकांत सर्वत्र दिसतात.

याहून मोठी संघटना म्हणजे अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद. १९०५ मध्ये दादासाहेब खापर्ड्यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत पहिलं नाट्यसंमेलन झालं आणि २०२४ च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवडला शंभरावं, अध्यक्ष जब्बार पटेल. जिल्ह्याजिल्ह्यांत शाखा, निवडणुका, पॅनल, रुसवे. पण कोरोनाच्या टाळेबंदीत नाट्यगृहं बंद पडली आणि नेपथ्य उभारणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या, पेटारे उचलणाऱ्या कामगारांच्या घरात चूल पेटेना, तेव्हा त्यांच्या याद्या करून मदत पोचवायला हीच पदाधिकारी मंडळी पुढे आली.

आणि दर हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धा. १९५४ पासून चालत आलेली, सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची. पैसा सरकारचा, पण घाम त्या त्या गावच्या नाट्यवेड्यांचा. प्रत्येक केंद्रावर रोज संध्याकाळी एक नाटक, कित्येक दिवस सलग. कुणी बँकेतून, कुणी एस.टी.च्या डेपोतून, कुणी शाळेतून सुटून चेहऱ्याला रंग लावतो. तीन महिन्यांच्या तालमी आणि प्रयोग एकच. अंतिम फेरीत गेलं तर दुसरा. तिकडे पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभराची नाटकं होतात, आणि कंपनी बोलावण्यापासून मांडव घालण्यापर्यंत सगळी जबाबदारी गावातल्या मंडळाच्या पोरांवर असते.

मला एक प्रश्न नेहमी पडतो. पुढची फळी येते कुठून? याचं सर्वांत सुंदर उत्तर पुन्हा त्याच भरत नाट्य मंदिरात मिळतं. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून तिथं पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. राजाभाऊ नातूंसारख्या कार्यकर्त्यांनी तिला करडी शिस्त लावली. वेळ म्हणजे वेळ, नियम म्हणजे नियम, लेखन-दिग्दर्शन-अभिनयाला महत्त्व, झगमगाटाला नाही. जब्बार पटेल आणि आळेकर इथलेच. पण करंडक जिंकून मोठे झालेल्यांइतकीच मला ती मुलं मोलाची वाटतात जी पुढच्या वर्षी छातीला बिल्ला लावून परत येतात. कुणी घड्याळ धरून विंगेत उभं, कुणी दारावर, कुणी परीक्षकांच्या चहाचं बघतंय. ज्या रंगमंचावर काल त्यांच्या कॉलेजच्या नावानं छत हादरेपर्यंत आरोळ्या उठल्या, तिथंच आज ती दुसऱ्या कॉलेजचं सामान वेळेत हलवतात. कार्यकर्ता घडतो तो असा, एका पावसाळ्यात, कुणी न सांगता.

२०२२ मध्ये या स्पर्धेत एक अवघड गोष्ट घडली. परीक्षकांनी ठरवलं की करंडक देण्याजोगी एकही एकांकिका यंदा झाली नाही. करंडक कुणालाच दिला गेला नाही. मुलं दुखावली, चिडली, वर्तमानपत्रांतून आणि समाजमाध्यमांवर जोरदार वाद झाला. तिकीटबारी, जाहिरातदार, वाहिनीचे हक्क यांच्यावर चालणाऱ्या स्पर्धेला असा निकाल परवडलाच नसता. कलोपासकच्या कार्यकर्त्यांनी परीक्षकांचा निर्णय तसाच्या तसा जाहीर केला, त्याबद्दलची बोलणी खाल्ली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश अर्ज काढले. कॉलेजं आली. चिठ्ठ्या टाकून कुणाचा नंबर कधी ते ठरलं, आणि तालमी सुरू झाल्या.